लुंबिनीला जाण्याआधी

आमच्या डिंडोलीतल्या महिला मंडळाची नेपाळ यात्रा ठरते आहे. यादीत लुंबिनी, स्वयंभू आणि बौद्धनाथ आहे. मी नाव दिलं आणि त्याच संध्याकाळी नणंदबाईंचा फोन आला. त्या धर्माच्या कडक, रोज सामायिक करणाऱ्या. म्हणाल्या, "वहिनी, तिथे हात जोडणार का? आपल्या सम्यक्त्वाचं काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपले देव, गुरू, धर्म यांवर श्रद्धा अढळ असावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग दुसऱ्याच्या स्तूपापुढे वाकणं हे मिथ्यात्व की साधा आदर?

उत्तर शोधताना मला धर्मानंद कोसंबी आठवले. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्धधर्माच्या शोधात १९०२ साली नेपाळात गेला. तिथे त्यांची निराशा झाली. नुसत्या जागेत धर्म सापडला नाही. पुढे श्रीलंकेत जाऊन ते पाली शिकले, मोठे पंडित झाले. पण याच बौद्ध पंडितांनी आपल्या पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर पुस्तक लिहिलं आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. त्याच कोसंबींनी जुन्या श्रमणांच्या आहाराविषयी जे लिहिलं, त्यानं जैन समाज दुखावला होता. मलाही ते पटत नाही. तरी माणसाबद्दलचा आदर कमी होत नाही. म्हणजे आदर करायला सगळं पटावंच लागतं असं नाही. अनेकान्त म्हणजे "सगळं सारखंच" नव्हे. आपल्या जागी घट्ट उभं राहून दुसऱ्याच्या बोलण्यातला खरेपणाचा अंश पाहणं, असा मी त्याचा अर्थ घेते.

नणंदबाईंना मी हेच सांगणार होते. पण सांगण्याआधी मला आमच्या गल्लीतली एक गोष्ट टोचायला लागली.

आमच्या शेजारी एक बौद्ध कुटुंब राहतं. तेही आमच्यासारखेच खानदेशातले, उधना-जळगाव लाइनीनं पोटापाण्यासाठी इकडे आलेले. त्यांच्या आजोबांच्या पिढीनं १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागे जाऊन धम्म घेतला. एका बुद्धपौर्णिमेला ती बाई दुपारी खिरीचा डबा घेऊन दारात आली. मी म्हटलं, "आज माझं आयंबील आहे हो." आयंबिलात दूध चालत नाही, तेव्हा सबब पक्की. ती बिचारी "बरं ताई" म्हणून डबा घेऊन परत गेली.

माझं आयंबील नव्हतं. खिरीत कंदमूळ नव्हतं, रात्र झाली नव्हती. अडलं होतं ते माझ्या मनात, आणि त्याचं नाव धर्म नव्हतं. ती जात होती. वर मी व्रताचं नाव घेऊन खोटं बोलले. सत्य गेलं, आणि तिचं मन दुखावलं म्हणून अहिंसाही गेली.

आता पाहा, हजार मैलांवरच्या बुद्धाला हात जोडायला मी तयार, पण त्याच बुद्धाच्या नावानं दारात आलेली वाटीभर खीर मला नको!

लुंबिनीत सम्राट अशोकाचा खांब आहे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी तो तिथे आला, त्यानं पूजा केली आणि त्या गावचा कर कमी केला, असं त्यावर कोरलं आहे. यात्रेचं फळ गावातल्या माणसांच्या पदरात पडलं, हे मला फार आवडलं. आपल्याकडेही साधू, साध्वी, श्रावक, श्राविका या संघालाच तीर्थ म्हणतात. तीर्थ माणसांचंच असतं.

संवत्सरीला आपण सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवरून "मिच्छामि दुक्कडं" पाठवतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या तिला मी कधी म्हटलं नाही.

नणंदबाईंना मी सांगितलं, "हात जोडीन. माझं सम्यक्त्व तेवढ्यानं जाणार नाही. ते गेलं असेल तर त्या खिरीच्या दिवशीच गेलं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग आधी तिच्याकडे जा."

बाई कडक आहेत, पण बोलल्या खरं. यात्रेची बॅग भरण्याआधी मला शेजारचं दार वाजवायचं आहे.