निवड न झालेला युस्त

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यातील शेवटच्या रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून मी देवळाच्या ओसरीवर आलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील पाच-सात तरुण-तरुणी मोठ्या आवेशाने वाद घालीत उभी होती. परभणी जिल्ह्यात त्या दिवसांत चार माणसे एकत्र आली की बोलणे पावसाचे आणि सोयाबीनचे असते. येथे मात्र विषय सिनेमाचा होता. ऑस्कर पुरस्काराच्या स्पर्धेत भारतातर्फे कोणता चित्रपट पाठवायचा, याचा निर्णय त्याच आठवड्यात जाहीर झाला होता. निम्म्या मंडळींना तो पटला होता, निम्म्यांना मुळीच पटला नव्हता. मला पाहताच एका मुलीने थेट विचारले, ‘‘फादर, तुम्हीच सांगा, हा अन्याय आहे की नाही?’’ मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. तिचा प्रश्न मात्र माझ्या मागोमाग खोलीपर्यंत आला आणि पुढे कित्येक दिवस तेथेच मुक्काम करून राहिला.

आधी हकीकत सांगतो. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ या चित्रपटाला मे २०२४ मध्ये कान येथील महोत्सवात ‘ग्रां प्री’ हा मोठा सन्मान मिळाला. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपटाला प्रवेश मिळाला, तोच मुळी तीस वर्षांनंतर. साहजिकच ऑस्करसाठी हाच चित्रपट जाईल, असे पुष्कळांनी गृहीत धरले होते. परंतु फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या निवड समितीने किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ची निवड केली. डिसेंबरमध्ये ऑस्करच्या पहिल्या चाळणीतील पंधरा चित्रपटांची यादी आली, तेव्हा तीत ‘लापता लेडीज’ही नव्हता. म्हणजे एकाला घरच्यांनी वगळले आणि दुसऱ्याला बाहेरच्यांनी.

या प्रकारची हुरहूर मराठी माणसाला नवी नाही. ‘श्यामची आई’ या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे पुन्हा येण्यास तब्बल अर्धे शतक जावे लागले. तो आणला संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने. २००४ साली तोच चित्रपट भारताचा प्रतिनिधी म्हणून ऑस्करला गेला. प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी आपण होऊन पैसे दिले, शाळेतल्या मुलांनीही आपला वाटा उचलला. आजोबा आणि दृष्टी गमावणारा नातू यांची ती कथा अवघ्या महाराष्ट्राने आपल्या घरची मानली होती. अंतिम पाच चित्रपटांत त्याचे नाव आले नाही, तेव्हा घरातल्या मुलाचा निकाल लागावा आणि तो नापास व्हावा, तसे अनेकांना वाटले. पुढे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपटही त्याच वाटेने गेले आणि अंतिम पाचांत न पोहोचता परतले.

आता कोणी म्हणेल, सिनेमाच्या बक्षिसांशी धर्मगुरूचा काय संबंध? मला तो आहे असे वाटते, कारण निवड ही गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणाला पुढे उभे करायचे, नोकरीच्या यादीत कोणाचे नाव लागणार, धर्मग्राम समितीवर कोणाला घ्यायचे, एवढेच काय, रविवारी पहिले वाचन कोणी करायचे, यावरूनही घराघरांत अबोला धरला गेल्याचे मी पाहिले आहे. निवड न होणे म्हणजे अन्याय होणे काय, हा त्या मुलीचा प्रश्न म्हणून आपणा सर्वांचाच आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाचा विचार करताना ‘माणसाचे तोंड पाहून दिलेला न्याय’ हे एक वेगळे पाप मानले आहे. त्यांचे उदाहरण अगदी साधे आहे. एखाद्याला अध्यापकाचे पद त्याच्या ज्ञानामुळे दिले, तर ते योग्य कारणाने दिले. पण तो श्रीमंत आहे किंवा आपला नातलग आहे म्हणून दिले, तर तो पक्षपात झाला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जागा एक आणि लायक माणसे चार असतील, तर तिघे वगळले जाणारच. त्या वगळण्यात अपोआप अन्याय नसतो. अन्याय शोधायचा तो निवडीच्या कारणात. ऑस्करच्या त्या विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठविता येतो. तेव्हा २०२४ साली कोणा ना कोणा चांगल्या चित्रपटाला घरी बसावेच लागणार होते.

मग कारणाकडे पाहू. कपाडिया यांचा चित्रपट पाहताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत आहोत असे परीक्षकांना वाटले, अशा आशयाचे उद्गार फेडरेशनच्या अध्यक्षांनी काढल्याचे वृत्तपत्रांत आले होते. हे कारण मला दुबळे वाटते. केरळहून मुंबईत आलेल्या दोन परिचारिका, आणि राहते घर बिल्डरच्या घशात जाऊ लागल्यावर हाती कागदपत्र नसल्याने रत्नागिरीकडे आपल्या गावी परतणारी पार्वती, यांहून अधिक आपल्या मातीतली माणसे कोणती? तेव्हा त्या मुलीच्या तक्रारीत तथ्य आहे, असे आज मी तिला सांगेन. परंतु ओसरीवरची मंडळी एवढ्यावर थांबली नव्हती. परीक्षक विकले गेले, त्यांना हुकूम आला होता, असेही ती बोलत होती. याला पुरावा कोणापाशीही नव्हता. पुरेशा आधारावाचून दुसऱ्याच्या मनात दुष्ट हेतू पाहणे हा आपल्या धर्मशिक्षणात दोष मानलेला आहे. ‘तुमचा निर्णय चुकला’ असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. ‘तुमचे मन काळे आहे’ असे म्हणण्याचा नाही. या दोहोंमधील अंतर आपण वादाच्या भरात फार सहज ओलांडतो.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली आणि तिने मला विचारात पाडले. ‘लापता लेडीज’मध्ये रेल्वे फलाटावर चहाचा गाडा चालविणारी खमकी मंजू माई आणि त्या दुसऱ्या चित्रपटातील पार्वती या दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीने केल्या आहेत, आपल्या छाया कदम यांनी. ‘फँड्री’तील आई म्हणून त्यांना आपण ओळखतो. म्हणजे एकाच दिवशी, एकाच निर्णयाने, एकाच स्त्रीचे श्रम निवडलेही गेले आणि वगळलेही गेले! त्या दिवशी त्यांच्या कलेचे मोल वाढले म्हणावे की घटले? उघड आहे की ते होते तेवढेच राहिले. मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या हाती अधिक असतो, म्हणून मनुष्याचे परम कल्याण मानात असू शकत नाही, असे अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वी म्हणून ठेवले आहे. मान मिळाल्याने गुण निर्माण होत नाही. आधी असलेल्या गुणाला कोणीतरी दिलेली ती साक्ष असते, आणि साक्षीदार कधी चुकतो, कधी गैरहजर राहतो.

परीक्षकांवर टीका करताना आपण आपल्या घरातही डोकावावे. सिनेमाला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. तिचे मोठेपण असे, की पासोलिनी या नास्तिक दिग्दर्शकाने संत मत्तयच्या शुभवर्तमानावर काढलेल्या चित्रपटाला तीत मानाने जागा आहे. परंतु त्याच यादीत सत्यजित राय यांचा एकही चित्रपट नाही. ज्या ‘पथेर पांचाली’चा १९५६ साली कान येथे मानवी जीवनाचा उत्तम दस्तऐवज म्हणून गौरव झाला, तोही नाही! राय यांचा एकही चित्रपट ऑस्करच्या अंतिम पाचांत पोहोचला नव्हता. १९९२ साली जीवनगौरवाचा ऑस्कर त्यांना कोलकात्याच्या रुग्णालयात, अखेरच्या आजारपणात मिळाला. पवित्र हेतूने केलेल्या यादीतूनही मोलाचे काही निसटते, हे आपण नम्रपणे मान्य केलेले बरे.

आणि मी तरी कोण लागून गेलो? काही वर्षांपूर्वी नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेचा परीक्षक म्हणून मी धर्मग्रामातील घरोघर फिरलो होतो. संध्याकाळ झाली होती, मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी बाकी होती. एका घरी विजेच्या माळा, वाहते पाणी, फिरता तारा असा देखणा गोठा होता. पहिला क्रमांक मी मनातल्या मनात तेथेच देऊन टाकला. वस्तीच्या टोकाला मजुरी करणाऱ्या एका विधवा आजींचे घर होते. त्यांनी पऱ्हाट्यांचा लहानसा गोठा केला होता. मी दारातूनच पाहिले, कागदावर आकडा लिहिला आणि पुढे निघालो. बक्षिसे वाटून झाल्यावर त्या मला भेटल्या. स्वरात राग नव्हता. म्हणाल्या, ‘‘फादर, बक्षिसाचं काई न्हाई. पण तुमी आत आलेच न्हाईत. बाळ आतच ठिवलं व्हतं.’’

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पऱ्हाट्यांच्या आत, त्या वर्षीच्या वेचणीतल्या कापसावर त्यांनी बाळ येशूला निजविले होते. दारातून ते दिसणे शक्यच नव्हते; गुडघे टेकून वाकावे लागत होते. त्यांना पहिला क्रमांक मिळायला हवा होता काय, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मी वाकून पाहायला हवे होते, हे निश्चित. बक्षीस हा कोणाचा हक्क नसेल. परंतु निवडीस बसविलेल्या प्रत्येकाचा नीट पाहिले जाण्याचा हक्क असतो. तो मी त्यांना नाकारला होता. अन्याय झाला तो तेथे.

शमुवेल संदेष्ट्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. इशायच्या थोरल्या मुलाची उंची आणि रूप पाहून हाच राजा होणार असे त्याला वाटले, आणि देवाने त्याला सावध केले, की मनुष्य बाहेरचे पाहतो, मी अंतःकरण पाहतो. दावीद तर मेंढरे राखायला गेला होता. बापाला त्याला बोलावून घ्यावेसेही वाटले नव्हते. अनपेक्षित निवडीची ही कथा आपण आवडीने सांगतो. पण निवड न झालेल्याची एक कथा शास्त्रात आहे, तिच्यावर प्रवचन सहसा होत नाही.

यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायचा होता, तेव्हा दोन नावे पुढे आली: योसेफ बर्सबा, ज्याला युस्त म्हणत, आणि मत्थिया. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत जो प्रभूबरोबर राहिला, असाच माणूस हवा होता; तेव्हा दोघेही त्या कसोटीला उतरलेले. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या, नाव मत्थियाचे निघाले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात युस्ताचा पुन्हा उल्लेख येत नाही. तो रागावून निघून गेला, असेही तेथे लिहिलेले नाही. प्रभूच्या सहवासात त्याने काढलेली वर्षे त्या चिठ्ठीने पुसली गेली काय? मला वाटते, त्या वर्षांसाठीच तो प्रभूबरोबर चालला होता. प्रेषितपद नंतर आले, आणि आले ते दुसऱ्याकडे. युस्त या नावाचा अर्थच न्यायी, नीतिमान असा आहे.

आपल्या जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई हीही अशीच. नामदेवांच्या घरची दासी, दळणकांडण तिच्या वाट्याला आलेले. तिच्या अभंगांना बक्षीस द्यायला कोणती समिती बसली होती? जात्यावर दळता दळता ती आपल्या देवाशी बोलत राहिली, आणि आज सात शतकांनंतर गोदाकाठचे ते गाव तिच्या नावाने ओळखले जाते. अर्थात, ओळखले गेले नसते तरी तिचे दळण आणि तिची भक्ती खरीच राहिली असती, हे विसरता कामा नये. उशिरा का होईना कीर्ती मिळतेच, असे आश्वासन मी देणार नाही. अनेकांना ती कधीच मिळत नाही.

तेव्हा त्या मुलीला आज उत्तर द्यायचे तर मी एवढेच म्हणेन: बाळ, दुसऱ्याच्या वतीने तुला राग आला, ही चांगली गोष्ट आहे, तो राग जपून ठेव. पण पुढच्या नाताळात गोठ्यांच्या स्पर्धेची परीक्षक म्हणून मी तुलाच नेमणार आहे. प्रत्येक घरात आत जा, वाक आणि पाहा. मग निकाल दे. तो कोणाला तरी चुकीचा वाटेलच. आणि ज्या घराला बक्षीस मिळणार नाही, त्या घरी नाताळच्या दिवशी पुन्हा जाऊन फराळ कर.