धुराविना अग्नी

वेदना काढून घेतली आणि इजा तशीच राहू दिली, तर त्याला उपकार म्हणायचे की फसवणूक? हा प्रश्न एरवी औषधांच्या संदर्भात विचारला जातो, पण त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला कातडी रापवण्याच्या यंत्रात, म्हणजे ‘टॅनिंग बेड’मध्ये दिसते. जर्मनीत १९७० च्या दशकात ही यंत्रे रूढ झाली आणि तिथून युरोप-अमेरिकेत पसरली. रापलेला रंग हा सुट्टीचा आणि सुबत्तेचा पुरावा मानणाऱ्या गोऱ्या समाजाला उन्हाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. त्या हौसेबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझा आक्षेप दिव्याच्या रचनेला आहे. कोणीही खोटे न बोलता माणसाचा पुरावा काढून घेता येतो, हे ती रचना दाखवते.

या यंत्रांतले दिवे मुख्यतः दोन जातींचे. पहिला कमी दाबाचा. तो दिसायला घरच्या ट्यूबलाइटसारखा आणि आतूनही जवळजवळ तसाच असतो. नळीत पाऱ्याची विरळ वाफ असते. तिच्यातून वीज गेली की २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतला लेप ते शोषून घेतो. ट्यूबलाइटचा लेप त्यांचा पांढरा उजेड करतो. इथला लेप वेगळा, उदाहरणार्थ शिसे मिसळलेले बेरियम सिलिकेट किंवा युरोपियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम बोरेट. त्यामुळे बाहेर येतात ते ३५० ते ३७० नॅनोमीटरच्या आसपासचे यूव्ही-ए किरण आणि त्यांच्यासोबत थोडे यूव्ही-बी. हे ‘थोडे’ म्हणजे किती, यावर दिव्याचा स्वभाव ठरतो. यूव्ही-बीने कातडी लाल होते, भाजते आणि दोन-तीन दिवसांनी नवे मेलॅनिन तयार करते. यूव्ही-ए मुख्यतः आधीच असलेले मेलॅनिन गडद करतात. रंग लगेच चढतो, संरक्षण मात्र फारसे मिळत नाही. दुसरी जात जास्त दाबाची. क्वार्ट्झच्या आखूड नळीत पारा आणि धातूंची हॅलाइडे असतात आणि त्यांतून शेकडो वॅटचा प्रखर झोत निघतो. त्यात अत्यंत घातक यूव्ही-सीही असल्याने पुढे गडद काचेचा फिल्टर लागतोच. तो तडकला तर दिवा लावायचा नसतो. हा फिल्टर यूव्ही-सी अडवतो, यूव्ही-बीचा बहुतेक भाग अडवतो आणि यूव्ही-ए जाऊ देतो. न भाजता रंग हे याच दिव्याचे विक्रीमूल्य. सहसा यालाच जास्त पैसे पडतात.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्रावरच्या ग्रंथात या फिल्टरचे तर्कशास्त्र आधीच मांडलेले आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान नैयायिकांना मान्य. उलट अनुमान मात्र अमान्य. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला अग्नीखेरीज ओल्या लाकडाचा संयोग लागतो आणि या जास्तीच्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. आता कातडीकडे पाहा. लाली आणि आग हा धूर, पेशींच्या आतली इजा हा अग्नी, आणि यूव्ही-बी हे ओले लाकूड. फिल्टर लाकूड काढून घेतो. धूर नाहीसा होतो आणि बेडवर पडलेला माणूस, अगदी साहजिकपणे, अग्नी नाही असे समजतो. पण यूव्ही-ए कातडीत अधिक खोल जातात आणि ऑक्सिडीकरणातून जनुकांना इजा करतात. येल विद्यापीठातल्या २०१५ च्या संशोधनात तर मेलॅनिन असलेल्या पेशींत दिवा विझल्यावरही काही तास डीएनएची मोडतोड चालू राहिलेली दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये या यंत्रांना कर्ककारकांच्या पहिल्या गटात टाकले, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाच्याच बाजूने येतो, आणि तो कच्चा नाही. तेवढ्याच मात्रेत यूव्ही-ए हे यूव्ही-बीपेक्षा कितीतरी कमी घातक असतात. मग एकाच्या जागी दुसरे देणे हे नुकसान कमी करणेच नव्हे का? मात्रा तीच राहिली असती तर तसे म्हणता आले असते. पण रंग चढायला यूव्ही-ए भरपूर लागतात. शक्तिशाली यंत्रांतला त्यांचा मारा भूमध्य समुद्रावरच्या भर दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट असू शकतो. इतका मारा सहन होतो तो भाजत नाही म्हणूनच. गंमत अशी की कायद्याचे मापही धूरच मोजते. युरोपातली मर्यादा आहे दर चौरस मीटरला ०.३ वॅट, पण हे वॅट ‘कातडी किती लाल होईल’ या भाराने मोजलेले. त्या मापात ३५० नॅनोमीटरच्या किरणाला हजारावा हिस्साही मिळत नाही. न भाजणारा दिवा त्या मर्यादेत बसतो, याचे आश्चर्य नको.

दुसरा आक्षेप असा की दात काढणारा डॉक्टरही भूल देतो, मग तोही फसवतो का? नाही, कारण तो वेदनेच्या जागी स्वतः पहाऱ्यावर उभा राहतो. मुंबई-पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ कोड आणि सोरायसिससाठी ३११ नॅनोमीटरच्या ट्यूबा वापरतात. तिथे प्रत्येक मात्रेची नोंद होते, आणि कातडी किती लाल झाली हे पाहून पुढची मात्रा ठरते. तिथे लालीला पुरावा म्हणून मान असतो. वेदना पवित्र आहे, असे माझे म्हणणे नाही. ती हटवणाऱ्याने तिचे काम अंगावर घ्यावे, एवढेच. टॅनिंगच्या दुकानातला टायमर ते काम करत नाही.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. सुजाण प्रौढाने भिंतीवरची सूचना वाचली आहे, शरीर त्याचे आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये मोडक्या पुलाचा दाखला दिला आहे. सावध करायला वेळच नसेल तर पुलावर पाऊल टाकणाऱ्याला हाताला धरून थांबवावे. धोका निश्चित नसून केवळ संभाव्य असेल तर सांगावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. मिलचा हा नियम मला मान्य आहे. पण इथे सूचना सांगते पूल कच्चा आहे, आणि प्रत्येक पाऊल सांगते पक्का आहे. तो पक्का भासावा म्हणून विक्रेत्याने काच बसवली आहे. शब्दप्रमाण आणि प्रत्यक्ष यांच्या झुंजीत माणूस प्रत्यक्षाला कौल देतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून ‘न भाजणारा’ हा गुण म्हणून विकू देऊ नये आणि मर्यादा ठरवताना यूव्ही-ए वेगळे मोजावेत, इतके या युक्तिवादातून निश्चित निघते. इंग्लंड-वेल्सने अठराखालच्यांना केलेली मनाईही त्यात बसते, कारण तिथे संमतीच अपुरी आहे. ब्राझीलने २००९ मध्ये प्रौढांनाही सौंदर्यासाठी ही यंत्रे वापरायला बंदी घातली. त्या निर्णयाला मात्र हा युक्तिवाद पुरत नाही. सगळे कळूनही ज्याला तिथे झोपायचे आहे, त्याला अडवायचे असेल तर त्याच्या उपचारांचा समाजावरचा भार किंवा तसेच दुसरे काही कारण पुढे करावे लागेल.