मागण्यापलीकडची प्रार्थना

प्रार्थनेने रोग बरा होतो की नाही, हा वाद आपल्याकडे श्रद्धाळू आणि बुद्धिवादी अशा दोन्ही पक्षांनी इतक्या हिरिरीने लढविला आहे की, ज्याच्या देहावर तो चालतो त्या रुग्णाला प्रार्थनेतून नेमके काय लाभते, याची विचारपूस करण्यास दोघांपैकी कोणालाच सवड झालेली दिसत नाही. प्रार्थना म्हणजे ईश्वराच्या दरबारी गुजरलेला अर्ज, आणि अर्ज मंजूर झाला तरच प्रार्थना खरी, ही समजूत दोन्ही पक्षांना सारखीच मान्य आहे. मला ती समजूतच मुळात चुकीची वाटते.

अर्जाच्या मंजुरीचे हिशेब मांडण्याचे प्रयत्न पुष्कळ जुने आहेत. ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी देशभर जाहीर प्रार्थना होतात ते राजे इतर सुखवस्तू वर्गांपेक्षा अधिक जगत नाहीत, किंबहुना कमीच जगतात, असे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७२ सालीच दाखवून दिले होते. पुढे २००६ साली हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सहा इस्पितळांतल्या, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. आपल्यासाठी कोणी प्रार्थना करीत आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते अशा दोन गटांपैकी, ज्यांच्यासाठी ती होत होती त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण ५२ टक्के आणि ज्यांच्यासाठी होत नव्हती त्यांच्यात ५१ टक्के निघाले. परंतु आपल्यासाठी प्रार्थना निश्चितपणे चालू आहे असे ज्यांना सांगण्यात आले होते, त्यांच्यात ते ५९ टक्क्यांवर गेले. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, असे संशोधकांनी प्रांजळपणे नमूद केले. तथापि, परक्यांनीही आपल्यासाठी साकडे घालावे इतकी आपली प्रकृती बिघडली आहे काय, या धास्तीने ते रुग्ण खचले असावेत, असाही तर्क मांडला गेला.

हा तर्क शास्त्राच्या कसोटीला उतरो वा न उतरो, आपल्या घराघरांतील अनुभवाशी तो जुळतो खरा. घरात कर्करोगाचे किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचे निदान झाले की नवस बोलले जातात, अंगारे येतात, उपास धरले जातात. आणि ही सारी धडपड मायेपोटीच होत असल्यामुळे तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण नवस हा करार असतो, आणि करारातली एक बाजू पाळली जाऊनही दुसरी पाळली गेली नाही म्हणजे कसूर कोणाची हा प्रश्न उरतोच. देवावर तो दोष ठेवण्याची कोणाची छाती होत नाही. तो गुपचूप रुग्णाच्याच माथी येतो. त्याचीच श्रद्धा उणी पडली, त्याचेच पूर्वसंचित वाईट, असे कोणी उघड बोलत नसले तरी, उशाशी बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर ते त्याला वाचता येते. ज्याचा देह आधीच झिजतो आहे त्याच्या मनावर अपराधाचा हा बोजा चढविणे, मग ते कितीही भक्तिभावाने झालेले असो, क्रौर्यच होय.

परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या कितीतरी परगावच्या रुग्णांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. तिथे पंढरपूरकडच्या एका वृद्ध माळकरी बाईंशी माझे बोलणे झाले. घशाच्या रोगासाठी त्यांना किरणोपचार, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘लाईट’, चालू होता. चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा बसवून डोके मेजाला जखडायचे, माणसांनी बाहेर पडायचे, जड दार लावून घ्यायचे, आणि यंत्र फिरत असेतो रुग्णाने तसूभरही हलायचे नाही, असा तो प्रकार. गळ्यातली तुळशीची माळ आत चालत नसल्यामुळे ती लेकीच्या हाती देऊन त्या जात, आणि आत बोटांच्या पेरांवर नाम मोजीत. “बरं कर असं न्हाई म्हनत मी. तेवढा येळ जीव हालू नगं, येवढंच मागते. त्या खोलीत माझ्यासंगं दुसरं कुनी येत न्हाई, नावच तेवढं येतं.” रोगापुढे सर्व बाजूंनी असहाय झालेल्या माणसाच्या हाती स्वतः करण्याजोगे एक कर्म उरणे, आणि जिथे कोणाचीच सोबत पोचत नाही तिथे सोबत असणे, ही प्रार्थनेची दोन खरी कामे त्या बाईंनी मला सांगितली, ती मला कोणत्याही ग्रंथात इतक्या स्वच्छपणे आढळली नव्हती.

थोरांची चरित्रेही याच दिशेने बोट दाखवितात. श्रीरामकृष्णांना घशाचा कर्करोग झाला, तेव्हा कालीमातेकडे आरोग्य मागा म्हणून शिष्यांनी त्यांची मनधरणी केली, परंतु देहासाठी मागणे त्यांना मानवले नाही. आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर महेंद्रलाल सरकार हे अवतार वगैरे न मानणारे विज्ञाननिष्ठ गृहस्थ असूनही या रुग्णाच्या सहवासात तासन्‌तास रमत. वैद्य आणि भक्त यांनी एकमेकांचे काम बळकावले नाही, म्हणूनच हे शक्य झाले. आपल्याकडे सामुदायिक प्रार्थनेचा परिपाठ गावोगाव घालून देणाऱ्या तुकडोजी महाराजांनी १९६८ साली कर्करोगानेच देह ठेवला. त्यांची प्रार्थना उणी पडली, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

अर्थात प्रार्थना ही वेदनाशामक औषधाची बदली नव्हे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स ही मरणोन्मुख रुग्णांच्या शुश्रूषेची संस्था उभारणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी दुखण्याचे शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असे चार पदर सांगितले. त्या स्वतः निष्ठावान ख्रिस्ती होत्या, तरी मॉर्फिन नियमित आणि वेळेवर देण्याचा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. कळांनी तळमळणाऱ्या माणसाला अध्यात्म सुचत नाही, हे त्या जाणून होत्या. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन याच विचाराचे. ज्याचा देवावर विश्वास नाही त्यालाही हा चौथा पदर असतोच. आपल्या जगण्याला अर्थ होता काय, कोणाची क्षमा मागायची राहिली काय, हे प्रश्न नास्तिकालाही रात्री जागे ठेवतात, आणि त्याच्यावर कीर्तन लादणे हे श्रद्धावंताची माळ हिसकावून घेण्याइतकेच गैर आहे.

तेव्हा डॉक्टरांना माझी विनंती अशी की, रुग्णाच्या कागदपत्रांत वजन आणि रक्तदाब यांची नोंद करताना, तुम्हाला धीर कशाने येतो, हेही त्याला एकदा विचारावे. आणि आप्तेष्टांना विनंती अशी की, नवसाच्या वाटखर्चापायी उपचाराची एकही तारीख चुकवू नये. ‘श्रद्धा ठेव, बरा होशील’ असे रुग्णाला बजावणे सोडून द्यावे, त्याला काय म्हणावेसे वाटते ते विचारावे, आणि तो जे म्हणेल ते, अभंग असो की नुसते गाऱ्हाणे, त्याच्याजवळ बसून शेवटपर्यंत ऐकावे.