परत वाच गो

लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी १ ऑगस्टला. त्यांचं जन्मगाव रत्नागिरी, त्यामुळे त्या दिवशी इथल्या शाळकरी मुलांची भाषणातून सुटका नाही. बंदराजवळच्या वाडीतली सातवीतली एक मुलगी अशाच स्पर्धेला उभी राहिली. भाषण हातवाऱ्यांसकट पाठ होतं. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीपर्यंत गाडी नीट आली आणि पुढचं वाक्य गायब! घशाला कोरड, गुडघे लटपट. बाईंनी खालून शब्द पुरवला, तोही कानात शिरेना. ती तशीच खाली उतरली. भाषण तसं तिचं नव्हतंच. तेच थोरल्या भावानंही केलं होतं.

घरी आजोबांनी समजूत वगैरे काढली नाही. म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळी देवळात पेपर वाचायचा. माझा चष्मा पुरत नाही आता."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय, एकट्या देवासमोर?"

ही युक्ती आजोबांची नव्हे. याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या मुरूडला सोमण गुरुजींनी धोंडू कर्वे नावाच्या मुलाला दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावलं होतं. मुलगा कमालीचा बुजरा. पुढे तो महर्षी झाला, पण फर्डा वक्ता काही झाला नाही. तरीही १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, दारोदार वर्गण्या मागितल्या, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं आणि १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, त्याच विद्यापीठाची हकिगत सांगत युरोप-अमेरिका पालथी घातली. सांगण्यासारखं काही हाताशी असलं की लाजऱ्यालाही तोंड उघडावं लागतं, असं आजोबांचं मत. नातीला ते मुळीच पटलं नाही.

पहिल्या संध्याकाळी पेपर तिच्या नाकाला टेकलेला. आवाज कागदाच्या पलीकडे जाईना. म्हातारे आपसात बोलू लागले, एक तर चक्क पेंगला. नंतरचे दोन-चार दिवसही असेच गेले.

मग एक दिवस आतल्या पानावर हवामानाची बातमी आली. वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला उठलेली, होड्या सज्ज, जाळी भरलेली. सभामंडपातली कुजबुज एकदम थांबली.

"किती म्हणालीस? परत वाच गो," खांबाला टेकलेला तांडेल म्हणाला.

तिनं पेपर खाली घेतला. त्याच्याकडे बघून आकडा सांगितला.

"कधीपर्यंत?"

"परवा रात्रीपर्यंत, मामा."

"आणि मागे त्या पोरांना सांग. त्यांची होडी पहाटे सुटणार हाय."

मागे म्हणजे पार पायरीजवळ. ती उभी राहिली आणि आख्खी बातमी पहिल्यापासून, सावकाश, त्या पोरांना ऐकू जाईल अशी वाचली. गुडघे लटपटत होते का, हे बघायला तिला सवडच झाली नाही. एका खलाशानं हुज्जत घातली, पेपरवाल्यांना काय कळतंय म्हणून. तर तिनं त्याला बातमीवर बोट ठेवून दाखवलं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आजोबा तिला सोबत घेऊन गेले. ग्रामसेवक मागच्या सभेचं इतिवृत्त वहीत तोंड खुपसून वाचत होते. मोठी माणसं माना डोलावत होती. नळपाणी योजनेचा विषय आला आणि गेलासुद्धा.

"साहेब," मागून आवाज आला, थोडा कापरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "पाण्याचं परत वाचा ना. इथं काहीच कळलं नाही."