भुंगेऱ्याची सोयरीक

वऱ्हाडातल्या भातकुलीच्या शिवारात तृणमणी, म्हणजे झाडाचा युगांपूर्वी गोठलेला चीक, सापडणार नाही. इथली काळी माती आणि तिच्याखालचा पूर्णेच्या खोऱ्यातला खारा गाळ भूगर्भाच्या हिशेबात अगदी अलीकडचा, आणि त्याच्याही खाली आहे तो लाव्हारसाचा काळा दगड. पण इथल्या पेढी नदीचं पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा चांगदेवाजवळ तापीत उतरते आणि तापी सुरतेकडे जाते. त्या सुरत जिल्ह्यात तडकेश्वरला लिग्नाइटची खाण आहे. तिथल्या थरांत पाच कोटी वर्षांहून जुना तृणमणी मिळतो. त्यात अडकलेल्या एका भुंगेऱ्याला जोसेफ पार्कर आणि डेव्हिड ग्रिमाल्डी या अभ्यासकांनी २०१४ मध्ये नाव दिलं : प्रोटोक्लॅव्हिजर ट्रायकोडेन्स. लांबी जेमतेम एक मिलिमीटर.

हा भुंगेरा विज्ञानाला नवा आहे आणि जगातून नाहीसाही झाला आहे. एकाच जिवाबद्दल या दोन्ही गोष्टी छातीठोकपणे सांगता येतात, हे आज आपल्याला नवल वाटत नाही. ते सांगण्याइतकी समज यायला मात्र फार काळ जावा लागला.

रोमन लोकांना तृणमण्यातले किडे ठाऊक होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस टॅसिटसने लिहून ठेवलं की हा पदार्थ झाडाचा चीक असला पाहिजे, कारण त्यात किडे अडकलेले दिसतात. त्याच्या लेखी किडा हा चिकाचा पुरावा होता. तो कोणता किडा, हे विचारायचं कारणच नव्हतं. लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची नावं देण्याची रीत पक्की केली, तेव्हा कोणता किडा हा प्रश्न विचारता येऊ लागला. तरीही एखादी जात कायमची संपते, हे विद्वानांच्या सहजी पचनी पडत नव्हतं. १७९६ मध्ये पॅरिसला क्युव्हिएने मॅमथची आणि आजच्या हत्तींची हाडं ताडून दाखवली आणि मॅमथ संपला आहे, असं ठामपणे मांडलं. हत्तीएवढं जनावर कुठल्या रानात लपून राहणार, हा त्यामागचा बिनतोड भाग. भुंगेऱ्याला तो लागू होत नाही. मिलिमीटरभर किडा कुठेही लपू शकतो. तो दिसला नाही म्हणजे संपला, असं म्हणताच येत नाही. त्याच्याबद्दल बोलायचं तर त्याचं वय हवं, आणि आजच्या जिवंत भुंगेऱ्यांत त्याच्यासारखा कुणी नाही हे अंग अंग तपासून दाखवायला हवं.

असा एक प्रयत्न आपल्या विदर्भातल्याच दगडावर झाला आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे स्कॉटिश मिशनरी नागपूरजवळच्या टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमधला तळ्याचा गाळ धुंडाळत होते. शंखशिंपले, फळं, बिया यांच्यासोबत त्यांना भुंगेऱ्यांच्या पाठीवरचे टणक पंख मिळाले. १८६० मध्ये अँड्र्यू मरे यांनी त्यांचं वर्णन केलं. लोमॅटस हिस्लोपी आणि मेरिस्टॉस हंटरी ही नावं त्यातलीच. हातात उरला होता तो फक्त पंख. पाय, तोंड, मिशा काहीच नाही. उत्क्रांतीवरचं डार्विनचं पुस्तक येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मरे त्या विचाराचे टीकाकार होते. त्यामुळे त्यांच्या वर्णनात पंख कोणत्या कुळाच्या वळणाचा हे येतं. त्या कुळाचा पूर्वज कोण, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. नावं ज्यांनी हे पंख शोधले त्यांच्या सन्मानासाठी ठेवली गेली. वयही चुकलं होतं. हिस्लॉप हा गाळ तृतीयक काळातला धरत होते. पुढे दख्खनचा लाव्हा बहुतांशी ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास, डायनोसॉर संपले त्या सुमाराचा ठरला.

दगडात पंख उरतो, तृणमण्यात अख्खा किडा उरतो. या अख्खेपणाने माणसाला मोहातही पाडलं. १९९३ मध्ये लेबनॉनच्या तृणमण्यातल्या सोंड्याचा डीएनए मिळाल्याचा दावा प्रसिद्ध झाला. ‘जुरासिक पार्क’ही त्याच वर्षी पडद्यावर आला. पण इतरांनी असे प्रयोग करून पाहिले तेव्हा हाती काही लागलं नाही. इतक्या जुन्या किड्याची जनुकं वाचायचा मार्ग बंद झाला आणि अभ्यासकांची नजर पुन्हा आकाराकडे वळली. तडकेश्वरचा तृणमणी त्या कामी सोयीचा निघाला. तो साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या राळेचाच भाऊबंद. पुरता घट्ट न झालेला. द्रावकात विरघळवून त्यातला किडा मोकळाही करता येतो.

प्रोटोक्लॅव्हिजरचे आजचे भाऊबंद मुंग्यांच्या वारुळात पाहुणे म्हणून राहतात. अशा सुमारे ३७० जातींची नोंद आहे. त्यांच्या अंगावर केसांचे झुबके असतात, त्यांतून पाझरणारा रस मुंग्या चाटतात आणि आपल्या तोंडातला घास या पाहुण्यांना भरवतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या पाहुणचारात त्यांची शरीरंही बदलली : मिशांचे बरेच सांधे एक झाले, पोटाच्या पट्ट्या जुळून एकच ढाल झाली. तृणमण्यातल्या भुंगेऱ्याला केसांचे झुबके आहेत, पण पोटाच्या पट्ट्या अजून सुट्या आहेत. पाहुणचार सुरू झाला होता, शरीर अर्ध्या वाटेवर होतं. तेही अशा काळात, जेव्हा मुंग्यांचा आजच्यासारखा सुळसुळाट झालेला नव्हता. मरे यांचं नाव शोधकाची आठवण ठेवतं; इथलं ‘प्रोटो’ त्या किड्याची कुळातली पायरी सांगतं. या दोन नावांमागचे हेतू वेगळे.

मात्र या भुंगेऱ्याला घास भरवणारी मुंगी त्याच्यासोबत तृणमण्यात कुणी पाहिलेली नाही. झुबके कशासाठी हे कळलं, ते कुणीतरी आजची वारुळं उकरून, त्यातल्या जिवंत पाहुण्यांची अंगं भिंगाखाली रेखाटून ठेवली म्हणून. सोयरीक ठरवताना दोन्ही घरं माहीत असावी लागतात, तसंच हे. जिवंत घराची माहिती नसती तर प्रोटोक्लॅव्हिजर हा केसाळ पाठीचा एक विचित्र ठिपका ठरला असता.

जिवंत घराची माहिती आपण किती ठेवतो? भुंगेरा म्हटला की वऱ्हाडात पहिल्या पावसानंतर बाभळी-कडुनिंबावर येणारे हुमणीचे भुंगेरे आठवतात, नाहीतर कोठीतल्या धान्यातले सोंडे. जो नुकसान करतो त्याची ओळख, त्याच्यावरचं औषध आणि त्याचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ. जो बांधावरच्या वारुळात गुपचूप राहतो त्याच्याकडे बघायला ना शेतकऱ्याला कारण असतं, ना अभ्यासकाला पैसा. तृणमण्यातल्या किड्याची बातमी होते. जिवंत किड्यांची कुळं लावत आयुष्य घालवणाऱ्याची होत नाही. टाकळीच्या त्या पंखांचं कूळ आज नव्याने तपासायचं म्हटलं, तरी पहिली गरज लागेल ती इथल्या जिवंत भुंगेऱ्यांच्या नीट लावलेल्या संग्रहाची. त्या संग्रहाचं काम भातकुलीच्या बांधावरूनही सुरू करता येतं, आणि त्यासाठी खाण लागत नाही.