ज्योत तीच, तेल कुणाचं?

२०१८च्या दिवाळीच्या तोंडावर सनरायझर्स हैदराबादने शिखर धवनला दिल्लीकडे सोपवलं आणि बदल्यात तिघांना घेतलं: विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा नावाचा अमृतसरचा अठरा वर्षांचा पोरगा. त्या पोराचा भाव तेव्हा ५५ लाख होता. धवन आमचा सलामीवीर, २०१६चा करंडक जिंकणाऱ्या संघातला. मला वाईट वाटलं. पुतण्या मात्र खूश होता. "काकू, एक दिला, तीन आले. व्हॅल्यू बघा ना!" १२ एप्रिल २०२५ला उप्पलच्या मैदानावर त्याच अभिषेकने पंजाबविरुद्ध ५५ चेंडूंत १४१ धावा ठोकल्या, २४६चं लक्ष्य किरकोळ करून टाकलं आणि खिशातली चिठ्ठी काढून प्रेक्षकांना दाखवली: ही खेळी ऑरेंज आर्मीसाठी, म्हणजे आम्हा चाहत्यांसाठी. त्या रात्री पुतण्याने मला २०१८ची आठवण करून दिली. व्यवहार त्याने बरोबर जोखला होता, यात वादच नाही.

पण मला छळतो तो प्रश्न नफ्यातोट्याचा नाही. ज्या संघावर मी एवढा जीव टाकते, तो संघ आहे तरी काय? खेळाडू तर दर मोसमात बदलतात. आम्हा हैदराबादकरांनी तर याहून मोठं पाहिलंय. २००८ला आमचा तेव्हाचा संघ डेक्कन चार्जर्स तळाला होता आणि २००९ला दक्षिण आफ्रिकेत गिलख्रिस्टच्या नेतृत्वाखाली तोच संघ विजेता ठरला. त्या मोसमात एका तरुण रोहित शर्माने आमच्याकडून खेळताना मुंबई इंडियन्सविरुद्ध हॅटट्रिक घेतली होती. २०११च्या लिलावात तो मुंबईकडे गेला. २०१२च्या सप्टेंबरात संघाचा करारच रद्द झाला. मालक गेले, नाव गेलं, बोधचिन्ह गेलं. २०१३च्या एप्रिलमध्ये नवं नाव आणि नवा केशरी रंग घेऊन वेगळाच संघ मैदानात उतरला, आणि मी टीव्हीपुढे बसून आधीइतक्याच जिवाच्या आकांताने ओरडत होते. कुणासाठी?

मी आबिड्सच्या जनरल पोस्ट ऑफिसात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. राहते जवळच, जांबागच्या बाजूला. रविवारी दुकानांची शटरं खाली असतात आणि आबिड्सच्या फुटपाथांवर जुनी पुस्तकं मांडली जातात. इंजिनिअरिंगच्या गाइडांखाली, तेलुगू कादंबऱ्यांच्या ढिगात कधी कधी एखादं मराठी पुस्तक निघतं. 'मिलिंदप्रश्ना'चं एक जुनं, पाठपुठ्ठा सुटलेलं पुस्तक मला तिथंच मिळालं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. भिक्षू नागसेन त्याला विचारतो: महाराज, रथातून आलात ना? मग सांगा, दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे भाग एकत्र आले की आपण रथ म्हणतो, एवढंच. भागांपलीकडे वेगळा रथ कुठे सापडत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि मनात म्हटलं, हा तर आमचाच संघ.

पुढे नागसेन दिव्याची गोष्ट काढतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, एकच की वेगळी? तीच आहे असं म्हणता येत नाही, दुसरी आहे असंही म्हणता येत नाही. एक ज्योत दुसरीला पेटवत जाते आणि त्या अखंड धारेलाच आपण रात्रभर जळणारा दिवा म्हणतो. मला हे उत्तर फार आवडलं. धवनपासून अभिषेकपर्यंत, गिलख्रिस्टपासून कमिन्सपर्यंत, तीही नाही आणि दुसरीही नाही अशी एक ज्योत. मी तिच्यावर प्रेम करते म्हणायला हरकत नव्हती.

हे समाधान टिकलं मात्र नाही. कारण ज्योतीचा विचार करताना तेल विसरायला होतं. ज्योत अखंड राहते कारण तेल संपत जातं, आणि आमच्या बाबतीत ते तेल म्हणजे माणसं.

डेव्हिड वॉर्नरचं घ्या. २०१६ला त्याने ८४८ धावा केल्या, अंतिम सामन्यात ३८ चेंडूंत ६९, आणि बेंगळुरूला बेंगळुरूतच हरवून कप आणला. इथले तरुण त्याला 'वॉर्नर मामा' म्हणत, विल्यमसनला 'केन मामा'. तेलुगू घरात मामाचं नातं काय असतं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. लग्नात, बारशात, प्रत्येक अडीअडचणीला मामा पुढे. २०२१च्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशी वॉर्नरचं कर्णधारपद गेलं, लगेचच्या सामन्यात संघातली जागाही गेली. पुढे त्याच मोसमाचा दुसरा टप्पा अमिरातीत झाला, आणि तिथं एक वेळ अशी आली की हा माणूस डगआउटमध्येसुद्धा नव्हता. तो प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बसून सनरायझर्सचा केशरी झेंडा हलवत होता. ते दृश्य मी पाहिलं तेव्हा मला रडू आलं, आणि आजही त्या दृश्याबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आबिड्सच्या फुटपाथवर त्याच्या नावाच्या जर्सी वेगळ्या ढिगात टाकलेल्या दिसल्या. विकणारा पोरगा म्हणाला, "अम्मा, वॉर्नर चला गया ना, ये सस्ते में देदूंगा." त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला माल काढायचा होता. पण आपण सगळेच त्या ढिगाच्या भाषेत बोलायला लागलोय, हे मला टोचतं. कालपर्यंतचा मामा आज 'डेड वेट' होतो.

माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, रोज गीतेचा एक अध्याय वाचणारे. ते म्हणाले, "ताई, तुम्ही आसक्ती सोडा. खेळाडू येणार, जाणार." मी बराच काळ हे ऐकून गप्प राहायचे, कारण वाक्य भारदस्त वाटतं. आता गप्प राहत नाही. गीता फळावरचा हक्क सोडायला सांगते, माणसाविषयी कोरडं व्हायला सांगत नाही. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सुरू होतात तीच द्वेषरहित, मैत्री आणि करुणा असलेला, अशी. मग बघा, फळाला कोण चिकटलंय? "हा द्या, तो घ्या, कप आला पाहिजे" म्हणणाऱ्याला सगळं फळच हवंय. आणि भुवनेश्वर कुमार गेला म्हणून हळहळणाऱ्या बाईला त्याच्याकडून आता काय मिळणार आहे? काहीही नाही. निष्काम म्हणावं असं काही असेल तर ते त्या हळहळीत आहे, हिशेबात नाही.

भुवनेश्वर २०१४पासून आमच्याकडे होता. २०१६ आणि २०१७, सलग दोन मोसम सर्वाधिक बळी त्याचे. २ मे २०२४ला उप्पलवर राजस्थानला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या आणि त्याने पॉवेलला पायचीत पकडलं. आम्ही एका धावेने जिंकलो. त्या वर्षाअखेर क्लासेनला २३ कोटी, कमिन्सला १८, अभिषेक आणि हेडला १४-१४, नितीश रेड्डीला ६ कोटी देऊन ठेवून घेतलं, आणि भुवी १० कोटी ७५ लाखांना बेंगळुरूकडे गेला. २०२५चा कप बेंगळुरूने जिंकला. संघाने तेव्हा फलंदाजीवर सगळी भिस्त ठेवली हे माझ्या मते चुकलं, आणि सहाव्या क्रमांकाने ते सिद्धही केलं. पण समजा भुवीविना आम्ही कप जिंकलो असतो, तरी माझी हळहळ तेवढीच असती.

पंढरपूरची एक कथा परंपरेने सांगतात. विजयनगरच्या राजाने विठ्ठलाची मूर्ती आपल्या राजधानीत, हंपीला, नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. कथेत भानुदासांचा संकट सोसण्याचा भाग असतो, राजाचा पश्चात्ताप असतो. मला मात्र त्या कथेत नेहमी एक माणूस दिसतो, ज्याचा उल्लेख कुणी करत नाही: मूर्ती हंपीत असताना आषाढीला चालत आलेला, रिकाम्या विटेपुढे उभा राहिलेला कुणी शेतकरी. त्याचा नेम पंढरीचा होता, म्हणून तो आला. आणि त्याला विठ्ठलाची आठवणही होती, म्हणून त्याच्यासाठी ती वीट रिकामी होती. नेम नसता तर तो घरी बसला असता. आठवण नसती तर त्याने विटेवर दुसरं काहीतरी ठेवून समाधान मानलं असतं. संघावरच्या प्रेमाला मला या दोन्ही गोष्टी लागतात. २०१३ला मी पुन्हा टीव्हीपुढे बसले तो माझा नेम. वॉर्नरची जागा भरली गेली असं मी म्हणत नाही, ती आठवण.

नागसेनाशी माझं भांडण इथं नाही. तो दुःखातून सोडवायला बसलाय, मी चाहती आहे, मला सुटायचं नाहीये.

अदलाबदल वाईटच, असंही माझं म्हणणं नाही. माझे वडील फतेह मैदानाच्या, म्हणजे आताच्या लालबहादूर स्टेडियमच्या, गोष्टी सांगत. पतौडी साठच्या दशकात दिल्ली सोडून हैदराबादकडून खेळू लागले. भारताचा कर्णधार, आणि इथं जयसिंहांच्या हाताखाली खेळला, कारण जयसिंह त्यांचे मित्र आणि पतौडी त्यांना कर्णधार म्हणून मानत. संघ बदलण्याचा याहून सुंदर प्रकार मला माहीत नाही. माणूस आपल्या मर्जीने आला. आयपीएलमध्येही दोन संघांत अदलाबदल करायची तर खेळाडूची संमती लागते, ही चांगली गोष्ट आहे. लिलावात मात्र त्याला कुठे जायचं ते निवडता येत नाही.

पुतण्या पहाटे उठून अमेरिकेतलं बास्केटबॉल बघतो. तिथं संमतीचा प्रश्नच बहुधा येत नाही; नकाराचा हक्क फार थोड्यांच्या करारात असतो. २०२५च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला डलासने लुका डॉन्चिचला, वय वर्षं २५, लॉस एंजेलिसला देऊन टाकलं आणि बदल्यात अँथनी डेव्हिसला आणलं. आदल्याच वर्षी याच लुकाने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. त्याला आधी कल्पनासुद्धा नव्हती. एकवीस मोसम एकाच संघात काढलेल्या डर्क नोवित्झ्कीचा पुतळा डलासच्या स्टेडियमबाहेर आहे. लोकांनी तिथं शवपेटी आणून ठेवली. मग काही महिन्यांनी अवघी १.८ टक्के शक्यता असताना डलासला सोडतीत नव्या खेळाडूंच्या पहिल्या निवडीचा हक्क लागला आणि कूपर फ्लॅग हा अठरा वर्षांचा मुलगा मिळाला. "बघा काकू, हिशेब जुळला," पुतण्या म्हणाला. मी म्हटलं, शवपेटी आणणाऱ्यांचा जुळला का, ते विचार.

६ एप्रिल २०२५. उप्पल. गुजरातकडून मोहम्मद सिराज गोलंदाजीला. इथल्याच गल्ल्यांत टेनिस बॉलवर शिकलेला, रिक्षा चालवणाऱ्या बापाचा मुलगा. २०१७ला सनरायझर्सनेच २ कोटी ६० लाखांना घेऊन त्याला आयपीएलमध्ये आणलं होतं, एका मोसमानंतर तो गेला. त्या रात्री त्याने आमच्याविरुद्ध १७ धावांत ४ बळी घेतले आणि आम्ही हरलो. मी प्रत्येक बळीला टाळी वाजवली. पुतण्या चिडला, म्हणाला, काकू, तुम्ही नक्की कुणाच्या? मी हैदराबादची आहे. सिराजही. माझ्यासाठी त्यात विसंगती नाही, आणि ज्याला दिसते त्याने हैदराबादवर प्रेम करणं म्हणजे काय याचा पुन्हा विचार करावा.

आता आमचं भांडण नितीशकुमार रेड्डीवरून चाललंय. विशाखापट्टणमचा पोरगा. मुलाच्या क्रिकेटसाठी वडिलांनी नोकरी सोडली. २०२४ला ३०३ धावा आणि उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार, त्याच डिसेंबरात मेलबर्नला कसोटी शतक, आणि प्रेक्षकांत हात जोडून बसलेले वडील. २०२५चा मोसम मात्र त्याला कठीण गेला, दोनशे धावाही झाल्या नाहीत. पुतण्याच्या मते भाव आहे तोवर त्याला देऊन टाकावं. मी त्याला अभिषेकचीच आठवण करून देते. २०१९, २०२० आणि २०२१ हे तिन्ही मोसम त्या पोराचे बेताचे गेले; तेव्हाही त्याला काढा म्हणणारे होतेच. २०२२ला त्याने ४२६ धावा केल्या. ज्या व्यवहाराचं कौतुक पुतण्या आजही करतो, तो दिवाळीच्या तोंडावरच्या त्या दिवशी मोठा झाला नव्हता. नंतर तीन वर्षं कुणीतरी धीर धरला, म्हणून झाला. नितीशला तेवढा वेळ द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कुठल्या तरी लिलावात त्याला जाऊ दिलंच, तर तो जिथं खेळेल तिथले त्याचे सामने मी बघणार. पुतण्याला तेही सांगून ठेवलंय.