कुणी केलं?

किनवटच्या बाजूला घरातली सून अचानक घुमायला लागली, अन्नपाणी सोडून भिंतीकडे बघत बसली, की अनेक घरांत पहिला प्रश्न उठतो तो 'कुणी केलं?' असा. बाहेरचं आहे हे धरूनच चालतात. मग जाणत्याकडे जायचं, अंगारा लावायचा, उतारा टाकायचा, नाहीच उतरलं तर माहूरचं देवस्थान गाठायचं. या धावपळीत भुताचं नाव पुढे असतं, पण शोध चाललेला असतो तो माणसाचा.

भानामती हे तर आपल्या नांदेड-लातूरच्या पट्ट्याचं आणि पलीकडच्या बिदर-तेलंगणाचं जुनं दुखणं. गावात एक बाई कुत्र्यासारखी भुंकू लागते, दुसरी मांजरीसारखी ओरडते, बघता बघता आणखी काही जणींना तेच होतं. अंगावर काळ्या फुल्या उठतात. या फुल्या बिब्ब्याच्या तेलाने उठवता येतात, आणि बिब्बा किनवटच्या जंगलात साग-मोहाच्या सोबतीने वाढतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी मराठवाड्यात गावोगाव फिरून या प्रकारांमागचं कारण लोकांना समजावलं आहे. भुंकणारी बाई ढोंग करते असं मात्र मी म्हणणार नाही. जिला घरात तोंड उघडायची सोय नाही, तिचं कोंडलेलं दुःख असं बाहेर पडतं. पण त्याच अवस्थेत तिच्या तोंडून एक नाव निघतं. ते बहुधा एकट्या म्हातारीचं असतं, विधवेचं असतं, नाहीतर भाऊबंदकीत वाकड्यात गेलेल्या चुलत्याचं. दात पाडले की मंत्र म्हणता येत नाही, या समजुतीने नाव निघालेल्या माणसांचे दात उपटल्याचे प्रकार या पट्ट्यात घडलेले आहेत.

मी ख्रिस्ती आहे. येशूचा अशुद्ध आत्म्यांवर अधिकार आहे असं माझी श्रद्धा सांगते, आणि ती मी लाजून कोपऱ्यात ठेवत नाही. पण हा अधिकार कसा चालतो ते शुभवर्तमानात नीट वाचलं पाहिजे, कारण त्याच्या नावाने आज वस्त्यावस्त्यांत प्रार्थना चालतात आणि भूतबाधा झालेली माणसं तिथेही आणली जातात.

मार्कच्या पाचव्या अध्यायातला माणूस थडग्यांमध्ये राहतो. गावाने त्याला साखळ्या-बेड्या घालून पाहिलं, त्याने त्या तोडल्या. रात्रंदिवस तो ओरडतो, दगडांनी स्वतःचं अंग ठेचून घेतो. येशू त्याला बांधत नाही, मारत नाही, धुरी देत नाही, पैसा मागत नाही. तो विचारतो, तुझं नाव काय? उत्तर येतं, सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत. मग आज्ञा होते, भुतं सुमारे 2000 डुकरांत शिरतात आणि तो कळप कड्यावरून समुद्रात जातो. गावकरी येऊन पाहतात तर तो माणूस कपडे घालून शुद्धीवर बसलेला आहे. हे तुझ्यावर कुणी घातलं, असं येशूने संपूर्ण प्रसंगात एकदाही विचारलेलं नाही.

नवव्या अध्यायात फेस गाळणाऱ्या, दात खाणाऱ्या मुलाला बाप घेऊन येतो. शिष्यांकडून काही झालेलं नाही, भोवती गर्दी जमली आहे, वाद चालला आहे. येशू बापाला विचारतो, याला हे किती दिवसांपासून होतं? चांगला डॉक्टर आधी विचारील तोच हा प्रश्न. बाप सांगतो, लहानपणापासून, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. आणि योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. दोषी शोधायची ती वाटच तो बंद करतो.

मला ख्रिस्ती श्रद्धेतला अधिकार इथे दिसतो. आज्ञा दुरात्म्याला होते. माणूस, मग तो पीडित असो की शेजारी, त्या आज्ञेच्या माऱ्यात कुठेच येत नाही.

आम्ही ख्रिस्ती लोकांनी हे किती वेळा मोडलं, तेही सांगितलं पाहिजे. 1692 साली अमेरिकेतल्या सेलम गावात काही मुलींना झटके येऊ लागले, त्या किंचाळू लागल्या, आणि नावं घेऊ लागल्या. भानामतीचंच चित्र, फक्त पाळकाच्या घरातून सुरू झालेलं. 19 जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. न्यायाधीश बायबल मानणारे होते. त्यांच्यापैकी सॅम्युअल स्यूअल याने 1697 मध्ये मंडळीसमोर उभं राहून आपला दोष कबूल केला, पण तोवर माणसं गेलेली होती. अगदी अलीकडे, 1976 मध्ये, जर्मनीत अनेलीज मिखेल ही तरुणी 67 वेळा भूत काढण्याचा विधी झाल्यावर उपासमारीने मेली. आईबाप आणि दोन धर्मगुरू दोषी ठरले. कॅथलिक चर्चच्या कायद्यात बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणालाही हा विधी करता येत नाही, आणि 1999 च्या सुधारित विधीत आजाराला भूतबाधा समजू नये याची ताकीद आहे. पण परवानगी असून आणि धर्मगुरू असूनही एक मुलगी मेली, हे विसरता येत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत स्किवाच्या सात मुलांची हकीकत आहे. येशूचं नुसतं नाव वापरून ते भुतं काढायला गेले, बाधा झालेल्या माणसाने त्यांना असं बडवलं की ते उघडे आणि जखमी होऊन घराबाहेर पळाले. नाव कमाईला लावणाऱ्यांना बायबलनेच दिलेला हा धडा आमच्या सभांतून क्वचितच वाचला जातो.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा आता गुन्हा आहे. अमक्याने करणी केली असं जाहीर करून त्याला त्रास देणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. काही ख्रिस्ती मित्रांना हा कायदा श्रद्धेवरचा घाला वाटतो. मला वाटत नाही. मार्कचा पाचवा अध्याय वाचलेल्या माणसाला या कायद्यात नवं काय सापडावं? साखळी येशूने तिथेच निरुपयोगी ठरवली होती.

अडचण निराळी आहे. नांदेड किनवटहून सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि मेंदूचा किंवा मनाचा डॉक्टर गाठायचा तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. जाणता मात्र गल्लीत असतो, रात्रीही दार उघडतो आणि रोग्याच्या घरी बसून तासभर ऐकून घेतो. हे ऐकून घेणं पाळकांनीही जरूर करावं. प्रार्थना करावी, डोक्यावर हात ठेवावा, आणि सकाळी स्वतः बसमध्ये बसून त्या मुलीला दवाखान्यात न्यावं. गोळ्या सोडून विश्वास ठेव असं सांगणाऱ्याने फिटच्या मुलाचं काय होतं ते चुलीजवळ उभं राहून बघावं.

आणि एक काम राहतं. बाई बरी होते, गाव तिची साक्ष ऐकतं, टाळ्या वाजतात. जिचं नाव तिच्या तोंडून निघालं होतं, ती म्हातारी गावाच्या कडेला तशीच राहते. तिच्या हातचं पाणी कुणी घेत नाही, लग्नाला बोलावणं जात नाही, नातवंडांना पोरं खेळायला घेत नाहीत. लोक ज्याला पापी म्हणत त्या जकातदार जक्कयाकडे येशू गेला तेव्हा लोक कुरकुरले होते, तरी तो त्याच्या घरी उतरला. भूत निघाल्याची साक्ष ज्या दिवशी होईल, त्याच दिवशी पाळकाने बऱ्या झालेल्या बाईला आणि तिच्या सासूला बरोबर घ्यावं, त्या म्हातारीच्या ओसरीवर जाऊन बसावं आणि तिच्या हातचा चहा मागून घ्यावा.